तक्रार दिली, पण पोच घेतली का?

वाचकांचे प्रश्न : कॉलेजातला लैंगिक छळ आणि चौकशी

या वेळच्या पत्रांतून नावं, गावं आणि कॉलेजची ओळख काढून टाकली आहे. एका वडिलांचं पत्र त्यांच्याच बोलीत ठेवलंय. उत्तरांत 'कायदा' म्हटलं की २०१३ चा कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा, आणि 'नियमावली' म्हटलं की विद्यापीठ अनुदान आयोगाची २०१५ ची नियमावली, जी मे २०१६ मध्ये लागू झाली. कॉलेजात जिला सगळे 'विशाखा समिती' म्हणतात तिचं कागदावरचं नाव अंतर्गत तक्रार समिती. विशाखा हे नाव १९९७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालावरून तोंडी बसलं, ते बसलंच.

ताई, मी बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाला आहे. प्रॅक्टिकलचे सर जानेवारीपासून त्रास देतात. आधी वही तपासताना हात धरायचे, मग रात्री मेसेज सुरू झाले. शेवटचा मेसेज १८ मार्चचा आहे. आज २ जून. इंटर्नलचे मार्क त्यांच्याच हातात आहेत. अर्ज केला तर कॉलेज घरी फोन करेल आणि बाबा शिक्षण बंद करतील. मुदत संपली का?
*– एक विद्यार्थिनी, यवतमाळ जिल्हा*

संपली नाही, पण उंबरठ्यावर आहे. घटनेपासून तीन महिन्यांत अर्ज द्यायचा असतो. प्रकार पुन्हा पुन्हा घडला असेल तर शेवटच्या प्रसंगापासून तीन महिने मोजतात. म्हणजे तुझ्यासाठी १८ जून. उन्हाळ्याची सुट्टी या मुदतीतून वजा होत नाही, हे बहुतेक मुलींना माहीतच नसतं. कॉलेज उघडल्यावर बघू म्हणतात आणि तारीख निघून जाते. हा अंक हाती येईस्तोवर १८ जून उलटली असेल, तरी अर्ज दे. समिती आणखी जास्तीत जास्त तीन महिन्यांचा उशीर माफ करू शकते, फक्त कारण तिला लेखी नोंदवावं लागतं. म्हणून उशिराचं कारण अर्जातच लिही: परीक्षा सुरू होती, गुणांची भीती होती, गावी होते. जे खरं असेल ते, दोन ओळींत.

सहा महिन्यांपलीकडे मात्र दार बंद होतं. कोलकात्याच्या विधी विद्यापीठातल्या एका प्राध्यापिकेची तक्रार याच कारणाने टिकली नाही. शेवटचा प्रसंग एप्रिल २०२३ चा आणि अर्ज २६ डिसेंबर २०२३ चा. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती मुदतबाह्यच धरली. त्या निकालातली तुझ्या कामाची गोष्ट वेगळीच आहे. नंतर झालेली प्रशासकीय कारवाई म्हणजे छळाचाच पुढचा प्रसंग, हे म्हणणं तिथे मान्य झालं नाही. तेव्हा 'जूनमध्ये त्यांनी मला कमी मार्क दिले, तिथून तीन महिने मोजू' या भरवशावर राहू नको. १८ मार्च धरूनच चाल.

अर्ज कसा लिहायचा? 'सर माझ्याशी वाईट वागतात' एवढ्यावर चौकशी चालत नाही. असं लिही: 'दि. १२ जानेवारी रोजी दुपारी साधारण ३ वाजता, प्रयोगशाळा क्र. २ मध्ये, बी बॅचचं प्रॅक्टिकल संपल्यावर मी वही सही करायला नेली. सरांनी वही घेताना माझं मनगट धरलं. मी हात मागे घेतला, तरी त्यांनी सोडलं नाही. त्या वेळी लॅब अटेंडंट कपाटाजवळ होते.' प्रत्येक प्रसंगाला वेगळा परिच्छेद. तारीख पक्की आठवत नसेल तर 'संक्रांतीनंतरच्या सोमवारी' लिही, पण अंदाजाने आकडा ठोकू नको. चुकलेली एक तारीख समोरचा पक्ष शेवटपर्यंत धरून बसतो. लाज वाटते म्हणून शब्द गाळू नको. जे बोलले ते अवतरणात, जसंच्या तसं. लिहिणं जमतच नसेल तर लिहून घ्यायला मदत करणं हे समितीच्या सदस्यांचं काम आहे, उपकार नव्हे.

मेसेज पुसू नको, नंबर ब्लॉक करण्याआधी चॅट एक्सपोर्ट कर, आणि स्क्रीनशॉटमध्ये वर नंबर व तारीख दिसेल असं बघ. नुसतं सेव्ह केलेलं नाव दिसलं तर 'हे नाव कुणीही टाकू शकतं' म्हणतात. फोन विकू नको, रिसेट करू नको. अर्ज आणि कागदांच्या सहा प्रती काढ, साक्षीदारांची नावं-पत्ते जोड, सातवी प्रत स्वतःकडे ठेव.

आता पोच. ऑफिसातल्या आवक टेबलावर उघडा अर्ज ठेवला की संध्याकाळी एसटी स्टँडवर चर्चा. म्हणून अर्ज बंद पाकिटात घाल, वर 'अध्यक्षा, अंतर्गत तक्रार समिती, गोपनीय' लिही, आणि एक ओळीचं वेगळं पत्र कर: 'सोबत बंद पाकीट देत आहे.' आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का त्या एका ओळीच्या पत्रावर घे. घ्यायला नकार दिला तर तेच पाकीट स्पीड पोस्टाने पाठव आणि पावती जपून ठेव.

मार्कांबद्दल: अर्जातच अंतरिम संरक्षण माग. तुझ्या परीक्षा, प्रॅक्टिकल आणि इंटर्नल यांचं मूल्यमापन त्या व्यक्तीकडून काढून घ्या, असं नियमावलीच्या आधाराने मागता येतं. हे मागितल्याशिवाय फारसं कुणी देत नाही. त्यांना तुझ्यापासून लांब राहण्याची ताकीद, तुला बॅच बदलून देणं, गरज पडल्यास तीन महिन्यांपर्यंत रजा हेही त्यातच बसतं.

आणि घर. तू अठरा पूर्ण असशील तर अर्जाला पालकांची सही लागत नाही, आणि तुझी ओळख गुप्त ठेवणं समितीवर बंधनकारक आहे. 'पालकांना बोलावल्याशिवाय अर्ज घेणार नाही' हे उत्तर नियमात नाही. अर्जाच्या शेवटी लिही: 'माझ्याशी संपर्क फक्त या क्रमांकावर करावा, घरी पत्र किंवा फोन करू नये.' तरी खेड्यातली गोष्ट. बातमी बाहेर पडूच शकते. आई, मावशी, आत्या, मोठी बहीण यांपैकी एकीला तरी आधी सांगून ठेवलंस तर बाबांना ते बाहेरून कळणार नाही.

माही पोरगी तालुक्याच्या कॉलेजात बी.ए.ले आहे. वर्गातल्या पोरायनं तिच्या फोटोले काहीबाही जोडून व्हॉट्सअॅपवर फिरवला. कॉलेजवाले म्हंतात, हे रात्री घरून झालं, आमच्या आवारात झालं नाही, आमचा संबंध नाही. मंग आमी कुठी जावं?
*– एक वडील, बुलडाणा जिल्हा*

भाऊ, दोन्हीकडे जा, आणि पहिलं पाऊल पोलिसांकडे. अश्लील फोटो बनवून पसरवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याखालचा गुन्हा आहे, आणि त्यात कॉलेजच्या भिंतीचा प्रश्नच येत नाही. केंद्र सरकारच्या सायबर गुन्ह्यांच्या पोर्टलवर महिला आणि मुलांसाठी वेगळा विभाग आहे, तिथे घरबसल्या तक्रार होते. १९३० हा सायबर हेल्पलाइनचा क्रमांक. ठाणेदार 'हद्द आमची नाही' म्हणाले तर शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवायला सांगा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत त्याची तरतूद कलम १७३ मध्ये आहे. ऑनलाइन माहिती दिली असेल तर तीन दिवसांत ठाण्यात जाऊन सही करावी लागते, ती राहून जाऊ देऊ नका.

एक चूक घरोघरी होते. पुरावा म्हणून तोच फोटो काका, मामा, सरपंच, ओळखीचा वकील असा दहा जणांना पाठवला जातो. तसं करू नका. तो पुढे पाठवणंही गुन्ह्यातच मोडतं. ज्या फोनवर पहिल्यांदा आला तो फोन तसाच ठेवा, ग्रुपचं नाव, ग्रुप बनवणाऱ्याचा नंबर आणि पाठवणाऱ्याचा नंबर वहीत लिहून ठेवा, आणि पोलिसांना तो फोन दाखवा. पोरगी अठराच्या आत असेल तर पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांविरुद्धचा कायदा, लागतो आणि प्रकरणाचं वजनच बदलतं.

कॉलेजचं म्हणणं अर्धंच आहे. नियमावलीत 'आवार' म्हणजे नुसती कंपाउंडच्या आतली जागा नाही. कॉलेजची बस, सहल, क्षेत्रभेट, शिबिर, स्नेहसंमेलन, क्रीडास्पर्धा, इंटर्नशिप, हे सगळं त्यात धरलंय. राष्ट्रीय सेवा योजनेचं शिबिर दुसऱ्या तालुक्यातल्या गावच्या शाळेत असलं तरी तिथे घडलेलं कॉलेजचंच. घरून रात्री पाठवलेला फोटो या यादीत सरळ बसत नाही हे खरं. पण पोरं त्याच वर्गातली, फोटो वर्गाच्या ग्रुपवर, आणि दुसऱ्या दिवशी पोरगी वर्गात गेली की मागच्या बाकावरून हसणं, शेरे, फोन दाखवणं. हे तर वर्गातच झालं ना? अर्जात रात्रीच्या फोटोसोबत वर्गात काय काय झालं ते तारखेसह लिहा. तिथे कॉलेजला हात झटकता येत नाहीत.

मला यंदा समितीची अध्यक्ष केलं आहे. आतापर्यंत समिती नॅकच्या, म्हणजे कॉलेजला दर्जा देणाऱ्या परिषदेच्या, फाइलपुरती होती. आता खरी तक्रार आली आहे. कुठून सुरुवात करू?
*– एक प्राध्यापिका, वाशीम जिल्हा*

मॅडम, आधी तुमची समितीच तपासा. चौकशी उत्तम करूनही निकाल उडतो तो बहुतेक वेळा इथेच.

नियमावली म्हणते: अध्यक्ष महिला प्राध्यापक, कॉलेजात किमान सहयोगी प्राध्यापक दर्जाची. दोन शिक्षक, दोन शिक्षकेतर कर्मचारी, आणि महिलांच्या प्रश्नांवर काम करणाऱ्या संस्थेतली एक बाहेरची व्यक्ती. प्रकरणात विद्यार्थी असतील तर पदवी, पदव्युत्तर आणि संशोधन अशा तीन स्तरांतून निवडून आलेले तीन विद्यार्थी. एकूण सदस्यांत निम्म्या तरी महिला. मुदत तीन वर्षं. आणि विभागप्रमुख, अधिष्ठाता, कुलसचिव अशा मोठ्या प्रशासकीय पदांवरची माणसं समितीत चालत नाहीत.

ग्रामीण कॉलेजात हे शेवटचं वाक्य डोकेदुखी आहे. मराठीला एकच कायम शिक्षिका, म्हणजे तीच विभागप्रमुख. बाकी तासिका तत्त्वावर, म्हणजे सीएचबीवर. मग अध्यक्ष म्हणून सीएचबीवरच्या मॅडमचं नाव टाकलं जातं. त्यांचा दर्जा बसत नाही, आणि पुढच्या जूनमध्ये त्यांना पुन्हा तास मिळणार की नाही हे ज्यांच्या हातात, त्यांच्याच माणसाची चौकशी त्यांनी करायची. हे अन्यायाचं आहे, त्यांच्यावरही. नियमातच वाट दिली आहे: योग्य महिला नसेल तर त्याच संस्थेच्या दुसऱ्या कॉलेजातून, नाहीतर दुसऱ्या संस्थेतून अध्यक्ष घ्यायची. तुम्ही स्वतः विभागप्रमुख असाल तर आजच प्राचार्यांना लेखी कळवा आणि बदल करून घ्या. कॉलेजात पदव्युत्तर वर्ग नसतील तर विद्यार्थी प्रतिनिधी कोणत्या वर्गातून आणि का निवडले, ते इतिवृत्तात लिहून ठेवा.

बाहेरच्या सदस्याला वगळून 'आपण चौघं बसू' हा मोह होतो, कारण त्या नागपूर-अमरावतीहून येणार आणि कायद्याच्या नियमांत त्यांना दिवसाचा भत्ता २०० रुपये. प्रवासखर्च मात्र वेगळा द्यायचा असतो. तो अगोदर मंजूर करून घ्या म्हणजे त्या येतील. प्रत्येक सुनावणीला अध्यक्षासह किमान तीन सदस्य हवेतच, आणि त्याच दिवशी इतिवृत्तावर सह्या. नंतर एकदम पंधरा दिवसांच्या सह्या घेतलेल्या ओळखू येतात. एकच पेन, एकच शाई.

आता दिवस मोजू. तक्रार १ ऑगस्टला मिळाली असं धरा. ८ ऑगस्टपर्यंत तिची प्रत समोरच्याला गेली पाहिजे. मिळाल्यापासून १० दिवसांत त्याचं उत्तर, कागद, साक्षीदारांची यादी, म्हणजे साधारण १८ ऑगस्ट. चौकशी ९० दिवसांत, म्हणजे ३० ऑक्टोबर. पुढच्या १० दिवसांत अहवाल कॉलेजच्या कार्यकारी प्राधिकाऱ्याकडे आणि प्रत दोघांनाही. प्राधिकाऱ्याला कारवाईसाठी ३० दिवस, अपिलाचीही मुदत ३० दिवस. ही तारीखवारी पहिल्याच दिवशी कागदावर काढून भिंतीवर नाही, फाइलच्या आतल्या पानावर चिकटवा. दिवाळीची सुट्टी बरोबर शेवटच्या टप्प्यात येते, तेव्हा साक्षी सप्टेंबरमध्येच उरका.

आणि पहिल्याच दिवशी प्राचार्यांना एक पत्र: अमुक तारखेचं सीसीटीव्ही चित्रण काढून सील करून द्या. बऱ्याच कॉलेजांत रेकॉर्डर जुनं पुसून त्यावरच नवं भरतो. तक्रारीनंतर महिन्याने मागितलं तर 'आता निघत नाही' हेच उत्तर मिळतं, आणि त्यात कुणी लबाडी केलेली असेलच असंही नाही.

समेटाबद्दल सावध राहा. समेट होऊ शकतो, पण चौकशी सुरू होण्याआधी, आणि तक्रारदार मुलीने स्वतः मागितला तरच. पैशांवर तर कधीच नाही. आपल्याकडे मात्र संस्थेचे एखादे वजनदार गृहस्थ दोघांना केबिनमध्ये बसवतात, 'पोरी, मोठ्या मनाने सोडून दे' म्हणतात, कागदावर सही घेतात. हा समेट नव्हे. असा कागद तुमच्यापर्यंत आला तर मुलीला एकटीला विचारा: हे तू मागितलं होतंस का? उत्तर इतिवृत्तात.

साक्ष घेताना दोघांना समोरासमोर बसवायची गरज नाही. १९७३ मध्येच, रांचीच्या राजेंद्र मेडिकल कॉलेजच्या प्रकरणात, मुलींचे जबाब आरोपी विद्यार्थ्यांच्या गैरहजेरीत घेतले होते आणि सर्वोच्च न्यायालयाने ते ठीक ठरवलं. पण याचा अर्थ समोरच्याला अंधारात ठेवा असा नाही. जबाबांतला मजकूर त्याला कळला पाहिजे, त्याचे उलट प्रश्न लेखी घ्या आणि समितीने ते मुलीला विचारा. गैरलागू प्रश्न गाळा: कपडे, आधीची मैत्री, 'तू तिथे एकटी का गेलीस'. गाळल्याचं कारण मात्र नोंदवा.

घाईनेही घात होतो. गोवा विद्यापीठातल्या एका प्राध्यापकाला बडतर्फ केलं होतं. १२ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कारवाई रद्द केली आणि पुन्हा चौकशी करायला सांगितली. कारण समितीने एकामागून एक बैठका लावून प्रकरण उरकलं आणि त्याला बाजू मांडायला पुरेसा वेळ दिला नाही. तक्रारी सुरू झाल्या होत्या २००९ मध्ये. चौदा वर्षांनी सगळं पुन्हा पहिल्या पानावर. तक्रारदार मुलींचं काय झालं असेल, ते तुम्हीच ठरवा. म्हणून समोरच्याने तारीख मागितली तर एकदा द्या, लेखी द्या. तो सलग तीन सुनावण्यांना कारणाशिवाय आला नाही, तर १५ दिवसांची लेखी सूचना देऊन एकतर्फी पुढे जाता येतं. समितीसमोर वकील कुणालाच आणता येत नाही.

अहवालात चार गोष्टी वेगळ्या लिहा: दोघांना मान्य असलेलं, वाद असलेलं, कोणाचं का पटलं, आणि शिफारस. 'का पटलं' हा भाग बहुतेक अहवालांत दोन ओळींचा असतो, आणि अपिलात तोच पहिला ढासळतो. फौजदारी खटल्यासारखा निःसंशय पुरावा इथे लागत नाही. दोन्ही बाजू तोलून कोणती जास्त संभवते ते बघायचं. मुलीने त्याच रात्री मैत्रिणीला केलेला मेसेज, दुसऱ्या दिवसापासून बदललेली बॅच, लॅब अटेंडंटचा जबाब, अशा बारक्या गोष्टींनी तोल ठरतो.

तक्रार संस्थाचालकांविरुद्धच असेल तर कॉलेजच्या समितीत काय अर्थ?
*– एक कर्मचारी, चंद्रपूर जिल्हा*

काही नाही. अशा वेळी जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. मालकाविरुद्धच्या तक्रारी आणि दहापेक्षा कमी कर्मचारी असलेल्या ठिकाणांच्या तक्रारी तिच्याकडे जातात. ग्रामीण आणि आदिवासी भागासाठी कायद्याने प्रत्येक तालुक्याला एक समन्वय अधिकारी नेमायला सांगितलंय. त्यांनी तक्रार घेऊन सात दिवसांत स्थानिक समितीकडे पाठवायची. गडचिरोली-चंद्रपूरच्या आतल्या गावांहून जिल्ह्याच्या ठिकाणी जाण्यायेण्यात दिवस जातो, म्हणून ही सोय महत्त्वाची. तहसीलमध्ये विचारलं तर 'असं कुणी नाही' हेही ऐकायला मिळेल. मग जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात अर्ज द्या, किंवा अशा तक्रारींसाठीच्या केंद्राच्या शी-बॉक्स पोर्टलवर. मुदत इथेही तीच, तीन महिने. समितीसमोर वकील चालत नाही, पण सल्ल्याला किंवा पुढे कोर्टात लागला तर तालुका विधी सेवा समितीकडून महिलांना मोफत मिळतो, उत्पन्नाचा दाखला लागत नाही, क्रमांक १५१००.

माझी भाची अकरावीत आहे, वय १६. कॉलेज सीनियर-ज्युनियर एकत्र आहे. शिक्षकाने अंगाला हात लावला. प्राचार्य म्हणतात, विशाखा समितीचा अहवाल येईपर्यंत पोलिसांत जाऊ नका.
*– एक मावशी, गोंदिया जिल्हा*

आजच जा. अठराच्या आतल्या मुलामुलींवरचा लैंगिक गुन्हा कळला की पोलिसांना कळवणं पोक्सो कायद्याच्या कलम १९ ने प्रत्येकावर बंधनकारक आहे, प्राचार्यांवर तर जास्तच. न कळवल्यास संस्थेच्या प्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. समितीचा अहवाल येईपर्यंत थांबायची सोय त्यात नाही. मुलांसाठी १०९८, तातडीला ११२. जबाब घ्यायला महिला अधिकारी यावी आणि तिने गणवेशात येऊ नये, हेही कायद्यातच आहे. जबाब घरी किंवा मुलीला बरं वाटेल तिथे घेता येतो. मुलीला ठाण्यात बाकावर बसवून ठेवू देऊ नका.

माझ्या भावावर, तो एम.ए.ला आहे, एका मुलीने तक्रार केली. तो म्हणतो खोटी आहे. त्याला काढूनच टाकतील का? तक्रार सिद्ध झाली नाही तर मुलीवर कारवाई होते ना?
*– एक वाचक, अमरावती जिल्हा*

दुसऱ्या प्रश्नापासून. तक्रार सिद्ध न होणं आणि तक्रार खोटी असणं यांत फार अंतर आहे, आणि कायद्याने ते स्पष्ट राखलंय. पुरावा कमी पडला एवढ्यावर मुलीवर कारवाई होत नाही. जाणूनबुजून खोटं बोलली किंवा बनावट कागद दिले, हे वेगळ्या चौकशीत ठरलं तरच.

भावाचे हक्क मात्र पूर्ण आहेत. तक्रारीची प्रत, उत्तराला १० दिवस, स्वतःचे साक्षीदार, अहवालाची प्रत, शिक्षेआधी कारणे दाखवा नोटीस आणि तिला १० दिवस, मग अपील. त्याने उत्तरात 'सर्व आरोप अमान्य' एवढंच लिहू नये. प्रत्येक परिच्छेदाला वेगळं उत्तर द्यावं: त्या वेळी तो कुठे होता, सोबत कोण, एसटीचं तिकीट, ग्रंथालयाची नोंद, काय असेल ते. आणि मुलीला फोन, निरोप, मित्रांकरवी दबाव, स्टेटसवर टोमणे, यातलं एकही नको. मूळ तक्रारीत तो निर्दोष ठरला असता, पण चौकशी चालू असताना पाठवलेल्या एका मेसेजने स्वतःविरुद्धचा पुरावा तयार केला, असं होऊ शकतं.

काढून टाकणं ही सर्वांत जड शिक्षा. त्याआधी ग्रंथालय, वसतिगृह, शिष्यवृत्ती यांसारख्या सवलती रोखणं, ठरावीक काळ आवारबंदी, सक्तीचं समुपदेशन, समाजसेवा असे टप्पे आहेत. प्रकार किती गंभीर, यावर ठरतं.

मुलगा आहे म्हणून लिहायला संकोच वाटतो. वसतिगृहात सीनियर मुलं रात्री कपडे काढायला लावतात, मोबाइलवर फोटो काढतात. आमच्यासाठी समिती आहे का?
*– बी.ए. पहिलं वर्ष, अकोला जिल्हा*

आहे. २०१३ चा कायदा महिलांसाठी आहे, पण नियमावलीत मुलगे आणि तृतीयपंथी विद्यार्थीही अशा छळाला बळी पडतात हे मानलंय आणि संस्थेने त्यांच्यासाठीही पाऊल उचललं पाहिजे असं लिहिलंय. शिवाय तू सांगतोस ते रॅगिंगच आहे. २००९ च्या रॅगिंगविरोधी नियमांखाली कॉलेजने स्वतः पोलिसांकडे जायचं असतं. चोवीस तास चालणारा क्रमांक १८००-१८०-५५२२. तिथे तक्रार नोंदवताना मिळणारा क्रमांक लिहून ठेव, पुढचा पाठपुरावा त्यावरच होतो. तुझं वय अजून अठरा झालं नसेल तर पोक्सो मुलग्यांनाही तसाच लागू आहे. खोली बदलून मागताना तोंडी मागू नको, वॉर्डनकडे दोन प्रतींत अर्ज दे.

कॉलेज सुटल्यावर स्टँडवर बाहेरची मुलं रोज छेडतात. शेवटची एसटी साडेपाचची, तोवर तिथेच उभं राहावं लागतं. कॉलेज म्हणतं, ती आमची मुलं नाहीत.
*– चार मैत्रिणी, वर्धा जिल्हा*

त्यांची नसतील, पण तुम्ही त्यांच्या आहात. बाहेरच्या माणसाकडून होणारा छळही नियमावलीत धरलेला आहे, आणि त्यात मुलींना शक्य ती सगळी मदत करणं हे संस्थेचं काम. चौघींनी मिळून एकच अर्ज समितीला द्या आणि त्यात तीन गोष्टी मागा: कॉलेजने पोलिस ठाण्याला लेखी कळवून साडेचार ते साडेपाच या वेळेत दामिनी पथकाची गस्त मागावी, आगारप्रमुखांना बस कॉलेजच्या फाट्यावर थांबवायला पत्र द्यावं, आणि तोवर वाचनालय साडेपाचपर्यंत उघडं ठेवावं. मोटरसायकलचा नंबर, दिवस आणि वेळ आठवडाभर वहीच्या मागच्या पानावर टिपून ठेवा आणि ते पान अर्जाला जोडा. नंबर हाती असला की ठाणेदाराला शोधायला काही उरत नाही. अर्जावर चौघींच्या सह्या, आणि आवक क्रमांकाची प्रत चौघींकडेही.